दहावीनंतरच्या वाटा आणि प्राथमिक शिक्षक

दहावी झाल्यावर विद्यार्थ्याने कोणते शिक्षण घ्यावे, हा प्रश्न माध्यमिक शाळेचा आहे. प्राथमिक शिक्षकाचा त्याच्याशी काय संबंध, अशी शंका कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु थोडा विचार केल्यास हा संबंध किती निकटचा आहे, हे ध्यानात येईल. निकाल लागल्यानंतर प्रवेशाची मुदत अवघी काही आठवड्यांची असते. एवढ्या अल्प काळात खेड्यातील कुटुंब नवा विचार करू शकत नाही. घरात जे पूर्वीपासून ठरत आलेले असते, तेच तेव्हा अमलात येते. आणि हे ठरणे सुरू होते ते मूल सहावी-सातवीत, म्हणजे आपल्या हाताखाली असताना.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी परमुलखात जातात. दहावीत नापास झालेला किंवा जेमतेम उत्तीर्ण झालेला मुलगा पुढच्या हंगामात त्याच टोळीबरोबर निघतो. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. आपल्यापुढे शिक्षणाचे दार अजून उघडे आहे, हे त्या घराला कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगणे आपले काम आहे आणि त्यासाठी त्या वाटांची माहिती प्रथम आपणांस असली पाहिजे.

वाटा कोणत्या?

पहिली वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची. कारागीर प्रशिक्षणाची ही योजना देशात १९५० साली सुरू झाली. वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्या उमेदवारास तेथे प्रवेश मिळू शकतो. वीजतंत्री, जोडारी, कातारी, यांत्रिक मोटारगाडी हे व्यवसाय दोन वर्षांचे आहेत. संधाता, नळकारागीर, शिवणकाम यांसारखे एक वर्षाचे आहेत. बहुतेक व्यवसायांना दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक असले, तरी काही व्यवसाय दहावी अनुत्तीर्णांनाही खुले आहेत. नापास झालेल्या मुलाच्या पालकांना ही एक गोष्ट वेळेवर समजली, तरी त्याचे एक वर्ष, कदाचित सारे आयुष्य, वाया जाण्यापासून वाचेल. प्रशिक्षण संपल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये एस. टी. महामंडळ, महावितरण, रेल्वे व खासगी कारखाने यांत विद्यावेतनावर प्रत्यक्ष काम शिकण्याची सोय आहे.

दुसरी वाट तंत्रनिकेतनाची. येथे दहावीनंतर तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम असतो. हिंगोली येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि शासकीय तंत्रनिकेतन या दोन्ही संस्था आहेत. तिसरी वाट कृषी तंत्र विद्यालयाची. शेतकऱ्याच्या ज्या मुलाला शेतीतच राहावयाचे आहे, त्याने ती शास्त्रशुद्ध रीतीने शिकावी, हा तिचा हेतू. कळमनुरी तालुक्यात तोंडापूर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि परभणीचे कृषी विद्यापीठही आपल्यापासून दूर नाही.

या वाटा एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत, ही गोष्ट पालकांना आवर्जून सांगावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश घेता येतो. पदविकाधारकास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास जाता येते. ज्याने आज जोडाऱ्याचे काम शिकावयास घेतले, त्याला अभियंता होण्याची वाट बंद झाली, असे समजण्याचे कारण नाही. घरची परिस्थिती बेताची असेल त्याने आधी कमवावे व मग शिकावे, अशी ही पायऱ्या-पायऱ्यांची रचना आहे. मात्र खासगी संस्थेत पैसे भरण्यापूर्वी तिला शासनमान्यता आहे की नाही, हे पाहून घ्यावयास सांगण्यास विसरू नये.

काम आहे कोठे?

शिकून काम मिळेल काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. केवळ प्रमाणपत्राने नोकरी मिळत नाही. हातात कसब असावे लागते. पण कसबी हातास आपल्या जिल्ह्यातही वाव आहे. वसमत-हिंगोली भागातील हळदीचेच उदाहरण घ्या. शेतातून काढलेले हळकुंड थेट बाजारात जात नाही. ते शिजवावे लागते, दहा-पंधरा दिवस वाळवावे लागते, फिरत्या ड्रममध्ये घालून त्यास पॉलिश करावे लागते आणि पुढे दळावे लागते. या प्रत्येक पायरीवर यंत्र आहे आणि यंत्र आहे तेथे ते जोडणारा, चालविणारा व दुरुस्त करणारा माणूस हवा. पाण्याच्या मोटारी, ट्रॅक्टर, सौरपंप यांची गोष्ट याहून वेगळी नाही. ऐन हंगामात मोटार जळाली आणि ती भरून देणारा जवळ नसला, म्हणजे पिकाची काय दशा होते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

दुसरे उदाहरण जगाचे लक्ष वेधणारे आहे. अमेरिकेतील लायगो वेधशाळेने १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरींची प्रथम नोंद केली. त्याच जातीची वेधशाळा औंढा नागनाथ तालुक्यात उभारली जात आहे. तीस केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली तत्त्वतः मान्यता दिली आणि २०२३ साली सुमारे २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. परस्परांशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन पोलादी नळ्यांतून लेसर किरण धावतील. या नळ्या आतून जवळजवळ निर्वात ठेवाव्या लागतात. त्यांचा एखादा सांधा सुईच्या अग्राएवढाही गळला, तर थोर शास्त्रज्ञांची गणिते तेथेच अडतील. शास्त्रज्ञाच्या बुद्धीइतकेच अशा वेधशाळेला संधात्याच्या हाताचे मोल आहे.

कमीपणाची भावना

खरी अडचण माहितीची नाही, मनाची आहे. हाताचे काम हलके आणि लेखणीचे काम वरचे, हा समज आपल्या समाजात खोल रुजलेला आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, तेव्हा प्राथमिक अभ्यासक्रमात वाचन, लेखन व हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही असावे, अशी मागणी केली होती. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' हा शिक्षणाचा आवश्यक भाग मानला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायांची ओळख करून देण्यास सांगितले. विचार जुनाच आहे. आचरण तेवढे राहिले. परंपरेने ज्यांचे जन्मस्थान आपल्या नर्सी येथे मानले जाते, ते संत नामदेव शिंपी होते, आणि त्यांच्या संतमेळ्यात कुंभार, माळी, सोनार होते. त्यांच्या नावाने यात्रा भरविणाऱ्या भूमीने शिवणकामास कमी लेखावे, हे शोभत नाही.

पाबळचा धडा

शाळेत हाताचे काम शिकवावयाचे कसे, याचे उत्तर पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी मिळाले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतील संशोधनकार्य सोडून १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस कार्यशाळा, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या चार शाखांतील कामे करावयाची, अशी योजना त्यांनी आखली. मुलांनी शिकता शिकता गावाच्या खऱ्या गरजेची कामे करावीत, हे तिचे मर्म आहे. नापास म्हणून ज्यांची गणना होते, अशी मुले करून शिकताना मागे राहत नाहीत, हा त्यांचा विश्वास होता.

आपण काय करावे?

एवढी साधने प्राथमिक शाळेत नसली, तरी पुढील गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत.

१. गणिताची उदाहरणे गावातून घ्यावीत. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट; तर ५ अश्वशक्तीची मोटार ४ तास चालल्यास, अपव्यय सोडून, सुमारे १५ युनिट वीज लागते. हे गणित मूल घरी जाऊन वडिलांना समजावून देईल.

२. सातवी-आठवीच्या मुलामुलींना जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची कार्यशाळा एकदा दाखवून आणावी. मुलींना केवळ शिवणकामाचा विभाग दाखवून परत आणू नये. वीजतंत्रीचा व्यवसाय त्यांनाही खुला आहे.

३. दाखलखारिज नोंदवहीतील नाव, जन्मतारीख व जात यांच्या नोंदी आजच पडताळून पाहाव्यात. जातीचे व अधिवासाचे दाखले वेळेवर काढण्यास पालकांना सांगावे. एका अक्षराच्या चुकीने पुढे प्रवेशाची मुदत टळू शकते.

४. स्थलांतरास निघणाऱ्या पालकांची सभा दिवाळीपूर्वी घ्यावी आणि वर सांगितलेल्या वाटा त्यांना त्यांच्या बोलीत समजावून द्याव्यात.

यांपैकी कोणत्याही कामास निराळे अनुदान लागत नाही. आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाच्या घरी, तो दहावीला पोहोचण्यापूर्वी, या वाटांची नावे तरी माहीत असावीत, एवढा निश्चय प्रत्येक शिक्षकाने करावा. पुढची वाट मूल स्वतः चालेल.