जुनी पिकअप, दुसऱ्या गाडीचे पाटे

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत व्यापार करणाऱ्या माणसाचे अर्धे दुकान गाडीवर असते. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला गेला आणि उद्योगांवर बंधने आली. नव्या मोठ्या कारखान्यांना येथे वाव उरला नाही. चिकूच्या वाड्या, मासळी, दागिन्यांच्या डाय बनवणारे कारीगर आणि आमच्यासारखे कापडवाले, यांच्यावरच येथील बाजार चालतो. या सर्वांचा माल छोट्या गाडीतूनच जातो. म्हणून गाडीच्या पाट्यांचा विषय हा केवळ गॅरेजचा नाही, तो धंद्याचा आहे.

माझ्याकडे जीपच्या घराण्यातली एक जुनी महिंद्रा पिकअप आहे. या घराण्याची हकिकत आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1945 साली ही कंपनी सुरू झाली, तेव्हा तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होते. महिंद्रा बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तेथे पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये कंपनीचे नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. अमेरिकन विलीज जीपवरून निघालेल्या या जुन्या गाड्यांना पुढे-मागे सरळ एक्सल आणि त्याखाली पाटे असत. बनावट साधी, दुरुस्ती सोपी, पण चाल कडक.

तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात, कासा ओलांडल्यावर माझ्या गाडीचा मागचा मेन पाटा तुटला. गाडी एका अंगाला बसली, ताडपत्री सरकली आणि चौदा साड्या व चादरींची एक थप्पी भिजून गेली. बाजाराचा दिवस बुडाला तो वेगळाच. नवी गाडी घ्यावी तर हप्ता आला आणि हप्ता म्हटला की व्याज आले. जुनीच गाडी दुरुस्त करायची असे ठरवले.

पहिली चूक

रस्त्याकाठच्या एका गॅरेजवाल्याने सोपा इलाज सांगितला. तुटलेला पाटा बदलायचा आणि वर दोन जाड पाटे वाढवायचे. मी मान हलवली. गाडी दोन इंच वर आली, मी खूश झालो. आठ दिवसांत कळले की भरलेली गाडी ठीक चालते, पण रिकामी परतताना मागची चाके खड्ड्यावर उडतात. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की मागची बाजू घसरते. दोन महिन्यांत शॅकलचे बुश गेले आणि चॅसीवर जेथे शॅकलचा हँगर असतो तेथे बारीक चीर दिसली.

मग मी आमच्या जुन्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, “भाई, पाटे वाढवून गाडी वर आली, पण सगळा मार आता चॅसी खाते. पाटा हा दबण्यासाठी असतो. तो दबला नाही तर दुसरे काहीतरी तुटणारच.”

त्यांनी जो हिशेब समजावला तो प्रत्येक गाडीमालकाला ठाऊक असावा. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाने वाढतो. 7 मिलीमीटरच्या पाट्याऐवजी 8 मिलीमीटरचा घातला तर तो पाटा जवळजवळ दीडपट कडक होतो. लांबीचा हिशेब उलटा आहे. त्याच रुंदीचा आणि जाडीचा पाटा एक दशांश लांब असेल तर ताठपणा सुमारे पाव भागाने कमी होतो. म्हणूनच नंतरच्या गाड्यांना लांब पाटे आले. लांब पाटा तेच वजन उचलतो आणि धक्काही कमी देतो.

दुसऱ्या गाडीचा माल कसा निवडावा

उस्तादांचा सल्ला होता की याच कंपनीच्या, याच वजनाच्या पण नंतरच्या गाडीचा पूर्ण संच शोधावा. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात अशा गाड्यांचा माल मिळतो. मात्र नुसते पाटे उचलून आणू नयेत. पाटे, शॅकल, हँगर, खालच्या प्लेटा आणि शॉकअप हे सर्व एकाच गाडीचे घ्यावे. दोन गाड्यांची दोन अंगे जोडली तर गाडी कायम एका बाजूला ओढते.

बाजारात जाण्यापूर्वी पाच मापे कागदावर लिहून न्यावीत. पाट्याची रुंदी, एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंतची लांबी, बुशचा व्यास, पाट्यांची संख्या व जाडी, आणि सेंटर बोल्टची जागा. हे शेवटचे माप लोक विसरतात. सेंटर बोल्ट नेहमी बरोबर मध्यावर असतोच असे नाही. तो एक इंच पुढे असेल तर एक्सलही एक इंच पुढे सरकतो आणि प्रॉपेलर शाफ्टचे माप बिघडते.

माल हातात आला की प्रत्येक पाटा सुटा करून पुसून पाहावा. सेंटर बोल्टच्या भोकाजवळ आणि डोळ्याच्या वळणावर चीर असते. वेल्डिंगचा किंवा गॅसने तापवल्याचा डाग दिसला तर तो पाटा घेऊ नये. पाट्याचे पोलाद खास आंच देऊन तयार केलेले असते. पुन्हा तापवले की त्याचे पाणी उतरते आणि तो तेथेच तुटतो. घणाने ठोकून पुन्हा गोलाई दिलेला पाटा काही दिवस उभा राहतो, मग पुन्हा बसतो. आणि बिल घ्यावे. कोणत्या गाडीचा माल आहे हे विक्रेता सांगत नसेल तर तो कितीही स्वस्त असला तरी सोडावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे, आणि अशा मालात बरकत नाही हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही.

बसवताना

मला मागच्या पाट्यांचा आणि चारही शॉकअपचा संच मिळाला. बसवायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत जे पाहिले ते असे.

यू-बोल्ट जुने वापरू नयेत. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा पकडत नाही. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत. गाडी चाकांवर उभी करून, तिचे वजन पाट्यांवर आल्यावर आवळावेत. नाहीतर रबर पीळ खाऊन लवकर फाटते. गोलाई बदलली की हाऊसिंगचा कोन बदलतो आणि प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमधून घरघर येते. तेव्हा पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये योग्य उताराची पाचर बसवावी लागते. शॉकअप पूर्ण दबला तरी तळाला आपटू नये आणि पूर्ण उघडला तरी ताणू नये, ही दोन्ही मापे प्रत्यक्ष घ्यावीत. शेवटी तीनचारशे किलोमीटर चालवून सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. हे शेवटचे काम गॅरेजवाला आठवण करून देत नाही. मालकालाच लक्षात ठेवावे लागते.

पुढच्या बाजूचे काय, असे मी विचारले होते. काही जण पुढचा सरळ एक्सल काढून दुसऱ्या गाडीचे कॉइल स्प्रिंगचे सस्पेन्शन चॅसीला वेल्ड करतात. उस्तादांनी साफ नकार दिला. चॅसी कापली की स्टीअरिंगचा, चाकांच्या कोनाचा आणि ब्रेकचा सगळा हिशेब बदलतो. रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये तो तपासायचे साधन नसते.

कायदा आणि हिशेब

हा नकार कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर होता. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. झिजलेला भाग तशाच भागाने बदलणे वेगळे आणि गाडीची मूळ रचना बदलणे वेगळे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत विचारावे, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघात झाल्यावर दाव्याच्या वेळी हाच प्रश्न प्रथम येतो. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, तेव्हा लपवून काही राहत नाही.

आणखी एक गैरसमज आपल्या बाजारात पक्का बसला आहे. पाटे मजबूत केले म्हणजे जास्त माल भरता येतो, असे मानले जाते. हे साफ चूक आहे. गाडीचे वजन एक्सल, टायर, ब्रेक आणि चॅसी मिळून ठरते आणि ते आरसी बुकात लिहिलेले असते. मजबूत पाट्यावरची जादा भरलेली गाडी दिसायला सरळ दिसते, पण घाटात ब्रेक तेच जुने असतात. खाली बसलेली गाडी निदान इशारा तरी देते.

आज माझी गाडी पूर्वीपेक्षा एक इंच खाली आहे आणि रिकामी परतताना उडत नाही. चॅसीवरची चीर उस्तादांनी प्लेट लावून बंद केली, पण तिची खूण आहे. ही गाडी कधी विकली तर गिऱ्हाइकाला ती खूण दाखवूनच विकेन. कापडातला डाग आपण दाखवून विकतो, मग लोखंडातला का लपवावा? गाडीवर आपला माल असतो, शेजारी ड्रायव्हरचा मुलगा बसलेला असतो आणि समोरून कोणीतरी घरी निघालेला असतो. स्वस्तात दुरुस्ती करा, जुना माल जरूर वापरा, पण मापून घ्या, बिल घ्या आणि वजन पाळा.