पासिंग कर्नाटकचं, धूर मुळशीचा

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी भूगावच्या पुढे पौड रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की पाट्या वाचायचा खेळ आपोआप सुरू होतो. केए, टीएस, जीजे, डीएल, मधूनच एखादी यूपी. काही ताम्हिणीला निघालेले पाहुणे, तर काही इथलेच झालेले. हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळशी तालुक्यातलीच गावं. तिथं आयटी पार्क उभं राहिल्यापासून सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये देशभरचं पासिंग नांदतं आहे.

रांग पिरंगुटच्या घाटाला लागते. पुढची जुनी डिझेल गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि मागे काळा लोट सोडते. दुचाकीवाला रुमाल नाकावर ओढतो. आपल्या गाडीत कुणीतरी म्हणतंच, “बाहेरचं पासिंग! यांना कोण विचारतंय?”

विचारतात, पण पाटीबद्दल वेगळं आणि धुराबद्दल वेगळं. या दोन गोष्टींची गल्लत गाडीमालकही करतात.

आधी पाटी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 47 नुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म 28) आणायची, इथे फॉर्म 27 भरायचा, महाराष्ट्राचा वाहनकर भरायचा आणि जुन्या राज्याकडे उरलेल्या काळाच्या कराचा परतावा मागायचा. 2021 मध्ये आलेल्या बीएच मालिकेने हा व्याप वाचतो. मात्र तिची दारं सरकारी व संरक्षण दलातल्या नोकरदारांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनाच उघडी आहेत.

आता धूर. इथे 12 महिन्यांची सवलत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 115 प्रमाणे पहिल्या नोंदणीला एक वर्ष झालं की वैध पीयूसी लागतं, गाडी देशात कुठेही असो. जून 2021 पासून सगळ्या देशात प्रमाणपत्राचा नमुना एकच आहे आणि त्याची नोंद ‘वाहन’ या राष्ट्रीय प्रणालीत होते. त्यामुळे हुबळीत काढलेलं पीयूसी मुदत संपेपर्यंत पिरंगुटात चालतं आणि मुदत संपली तर पिरंगुटातल्या केंद्रावर कर्नाटक पासिंगची गाडीही तपासून मिळते. “गावाकडे गेलो की काढतो” ही सबब टिकत नाही. पीयूसी नसेल तर कायद्यात 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे.

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातली पीयूसीची व्हॅन आपण रोज पाहतो, पण आत काय चालतं ते क्वचितच बघतो. मुलगा पाटीचा फोटो काढतो, मोबाइल क्रमांक विचारतो. “दादा, इंजिन चालू राहू द्या, एसी बंद करा.” मग तो सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो. पेट्रोल गाडीत यंत्र मुख्यतः दोन गोष्टी मोजतं: धुरातला कार्बन मोनॉक्साइड किती टक्के आणि न जळलेला हायड्रोकार्बन दशलक्षात किती भाग. डिझेलचा प्रकार वेगळा. “पूर्ण रेस द्या… सोडा… परत द्या.” प्रत्येक वेळी निघालेला धूर किती प्रकाश अडवतो ते मोजून सरासरी धरतात.

हे आकडे कशाशी ताडायचे, ते पाटीवरचं राज्य ठरवत नाही. गाडी कुठल्या भारत स्टेजची, म्हणजे बीएस-3 की बीएस-4, त्यावर ते ठरतं. परराज्यातल्या जुन्या गाडीचा खरा गुंता इथे आहे. चारचाकींचे नवे मापदंड आधी मोठ्या शहरांत आले, बाकी देशात मागाहून. 2010 च्या एप्रिलमध्ये बीएस-4 लागू झालेल्या 13 शहरांत पुणे आणि चक्क सोलापूरही होतं. सगळ्या देशाला ते लागू व्हायला 2017 उजाडलं. म्हणजे 2011 साली पुण्यात नवी मोटार बीएस-4 च नोंदवावी लागे, बेळगावात मात्र बीएस-3 चालत असे.

अशा दोन पेट्रोल मोटारी आज भूगावच्या पंपावर शेजारी उभ्या करा. दोघींच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड 0.4 टक्के निघाला, तर एमएच-12 नापास आणि केए-22 पास! कारण बीएस-4 ची मर्यादा 0.3 टक्के, तर बीएस-3 ची 0.5. हायड्रोकार्बनला पहिलीसाठी 200 ची मर्यादा, दुसरीसाठी 750 ची. डिझेलच्या धुराची घनता 50 आणि 65. मुदतही निराळी: बीएस-4 ला वर्षाची, त्याआधीच्या गाडीला सहा महिन्यांची. जुनी गाडी विकत घेताना आरसीवरचा ‘एमिशन नॉर्म्स’ हा रकाना म्हणूनच आधी वाचावा.

दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्यांची गंमत याच्या उलट. तिथे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मज्जाव केला, सर्वोच्च न्यायालयानेही 2018 मध्ये तो उचलून धरला. मग त्या गाड्यांना बाहेर गिऱ्हाईक शोधलं जाऊ लागलं. दिल्ली आणि पुणे बीएस-4 ला एकाच दिवशी आली, तेव्हा मापदंडात त्या इथल्या गाड्यांपेक्षा मागे नाहीत. पण एमएचचा नवा क्रमांक मिळाला म्हणून वय पुन्हा शून्यापासून मोजत नाहीत. पहिल्या नोंदणीपासून 15 वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण करायचं, वर राज्याचा पर्यावरण करही भरायचा. मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्कच 600 रुपये होतं, ते एप्रिल 2022 पासून 5,000 झालं.

पीयूसीची मर्यादाही समजून घ्यायला हवी. पौड रस्त्यावरून दिसणाऱ्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही 1966 साली स्थापन झालेली संस्था आहे. नव्या मॉडेलला मान्यता देण्यापूर्वी तिथे गाडीची चाकं रोलरवर फिरवतात, वेग वाढवत-कमी करत रस्त्यावरचा भार देतात आणि नायट्रोजन ऑक्साइडपासून सगळं मोजतात. पंपावरची चाचणी उभ्या गाडीची, बिनभाराची. नायट्रोजन ऑक्साइड तिच्यात येतच नाहीत. पाच माणसं, टपावर सामान आणि समोर चढ असताना खराब इंजेक्टर किंवा तुंबलेला एअर फिल्टर काय करतो, ते व्हॅनमधल्या मुलाला कळायचा मार्ग नाही.

पेट्रोल गाडी काही किलोमीटर चालवून, इंजिन तापल्यावर तपासायला न्यावी. थंड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपलं काम करत नाही. नापास झाली तर तशी पावती मागून घ्यावी. त्यावरच्या आकड्यांवरून मेकॅनिकला दुखणं शोधता येतं. आणि पुढच्या वेळी पिरंगुटचा घाट चढताना एकदा आरशात बघावं. मागचा दुचाकीवाला फार अंतर राखून येत असेल, तर पीयूसीची मुदत शिल्लक असली तरी गाडी गॅरेजला न्यावी.