न वाजलेला खर्ज

तुळजापूरचा गोंधळ ज्यांनी समोर बसून ऐकलाय, त्यांना संबळ समजावून सांगायला नको. जोडीतलं एक वाद्य चढ्या आवाजाचं, दुसरं खर्जाचं. तोच गोंधळ मोबाईलवर लावा. चढा आवाज खणखणीत येतो, खर्ज कुठं जातो?

रॉक संगीतात ही खर्जाची जागा बेस गिटारची. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला. तसले जुने बेस आणि जुन्या एलपी जिवापाड जपणारे वादक आहेत. लोक त्याला नाद म्हणतात. मला त्यात एक तात्त्विक प्रश्न दिसतो.

बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. मोबाईलचा इवलासा स्पीकर इतका खाली उतरतच नाही. तरी सूर ओळखू येतो! कारण त्या तारेतून ८२, १२३ अशी वरची कंपनंही निघतात. त्यांवरून मेंदू मूळ सूर रचतो. न्यायदर्शनात धुरावरून अग्नी ओळखतात, तसंच हे.

आता एलपीत जादू आहे, असंही नाही. खाचा फार रुंद होऊ नयेत म्हणून तिच्यातही खर्ज कमी करूनच कोरतात. वाजवताना ॲम्प्लिफायर तो परत वाढवतो. पण मोठ्या स्पीकरमधून तो खरोखर हवेत येतो, छातीला जाणवतो.

अनुमानानं अग्नी कळतो हो, पण ऊब मिळत नाही. जुनी वाद्यं जपणारा माणूस ती ऊब जपतोय. म्हणून पुढच्या गोंधळाला मोबाईल खिशात ठेवा आणि संबळाजवळ बसा.