अ‍ॅव्हरेज गेले कुठे?

ट्रकच्या धंद्यात 'मायलेज' हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. तिथे चालते ते 'अ‍ॅव्हरेज'. लिटरमागे गाडी किती किलोमीटर गेली, त्याचा हा आकडा. मालक आणि ड्रायव्हर यांच्यातल्या निम्म्या भांडणांचे मूळ या एका आकड्यात असते. दिवाळीपर्यंत साडेचार देणारी गाडी संक्रांतीला चारवर आली, की 'गाडी डिझेल लय पेते ना बाप्पा' अशी कुरकुर सुरू होते आणि ती फार दिवस गाडीपुरती राहत नाही. डिझेल गाडीने प्यायले की कुणी काढून विकले, असा संशय डोके वर काढतो. मग वर्षानुवर्षे विश्वासाने चालवणारा माणूस एका संध्याकाळी हिशेब करून घरी पाठवला जातो. पुढच्या ड्रायव्हरच्या हाती गाडी तेवढेच डिझेल पिते. दोष बिचाऱ्या माणसाचा नव्हता, हवेच्या फिल्टरचा होता, हे तोवर कुणी उघडून पाहिलेलेच नसते.

अकोल्याहून मंगरूळपीरच्या रस्त्याला लागले, की वीसेक किलोमीटरवर बार्शीटाकळी येते. काळंका देवीच्या प्राचीन मंदिराचे हे गाव. पुढे महानला काटेपूर्णेचे धरण आहे. गावाला रेल्वे स्थानक आहे, पण ही अकोला-पूर्णा लाइन २००८ पर्यंत मीटरगेज होती. मुंबई-नागपूरच्या रुंद मार्गावर माल चढवायचा तर अकोल्याला तो पुन्हा उतरवून भरणे आले. त्यापेक्षा शेतातून थेट जिनिंगपर्यंत किंवा अडत्याच्या दारापर्यंत जाणारा ट्रक बरा, असा व्यवहारी निर्णय या मुलखाने कधीच घेऊन टाकला. ऑक्टोबरात सोयाबीन, दिवाळीपासून कापूस, उन्हाळ्याच्या तोंडावर तूर आणि हरभरा, असा इथला भाड्याचा मोसम. या धंद्यात मोठ्या कंपन्यांपेक्षा एका गाडीचा मालक अधिक दिसतो. गाडी बँकेच्या किंवा फायनान्सच्या कर्जावर घेतलेली, वडिलांचे दोन एकर जमिनीचे कागद तारण ठेवलेले आणि महिन्याचा हप्ता ठरलेला. भाडे ठरवणे त्याच्या हातात नाही, ते बाजार ठरवतो. डिझेलचा भावही त्याच्या हातात नाही. सरकारने ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरचे दरनियंत्रण उठवले आणि जून २०१७ पासून भाव रोजच्या रोज ठरू लागले. हातात उरते ते एवढेच, की घेतलेला प्रत्येक थेंब जळतो की धूर होऊन जातो.

हिशेब सोपा आहे. महिन्याला सहा हजार किलोमीटर चालणारी गाडी साडेचारच्या अ‍ॅव्हरेजने १,३३३ लिटर डिझेल घेते. तीच चारवर आली तर १,५००. फरक १६७ लिटरचा. लिटरला ९० रुपये धरले तर महिन्याला पंधरा हजार रुपये झाले. अमरावतीला शिकणाऱ्या मुलीच्या खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे एवढ्यात भागावेत. अर्धा किलोमीटर म्हणजे काय, हे अशा घरातल्या बाईला नवऱ्याइतकेच कळते. किंबहुना जरा जास्तच, कारण हप्त्याची तारीख तीच लक्षात ठेवते.

आता हे डिझेल जाते कुठे, ते पाहू. रूडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी १८९२ मध्ये अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्गला ते समाधानकारक चालवून दाखवले. कल्पना धीट होती. ठिणगी लावायचीच नाही. नुसती हवा इतकी दाबायची, की ती स्वतःच तापून लाल व्हावी. तिच्यात बारीक तुषारासारखे इंधन सोडायचे, की ते आपोआप पेटते. वाफेची इंजिने कोळशातली दहा टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामी लावत असताना या पठ्ठ्याच्या इंजिनाने सुमारे २६ टक्के लावून दाखवली. आजचे ट्रकचे इंजिन तत्त्वाने तेच आहे. म्हणजे त्याला तीनच गोष्टी नीट लागतात: भरपूर स्वच्छ हवा, बारीक आणि वेळेवर फवारलेले डिझेल आणि ती दाबलेली हवा निसटणार नाही असे घट्ट सिलिंडर. अ‍ॅव्हरेजचे दुखणे बहुधा या तिघांपैकी कुठेतरी असते.

हवेची गोष्ट आधी, कारण तिच्याकडे दुर्लक्ष सर्वांत जास्त होते. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला कमीत कमी बारा किलो हवा लागते. बारा किलो म्हणजे साधारण दहा हजार लिटर. प्रत्यक्षात इंजिन याहून पुष्कळ जास्त ओढते. अकोल्याहून नागपूरला जाताना साठ लिटर डिझेल लागले, तर गाडीने वाटेत सहा लाख लिटरच्या वर हवा गिळलेली असते. ही हवा वऱ्हाडातली. काळ्या मातीचा पिठासारखा धुरळा, कच्च्या रस्त्यांवरचा फुफाटा आणि जिनिंगच्या आवारात उडणारी कापसाची तूस. कागदी फिल्टर महिन्याभरात गच्च भरतो. इंजिनाला दम लागतो, हवा कमी पडते, पण डिझेल तेवढेच येत राहते. ते अर्धवट जळते आणि काळा धूर होऊन निघते. रस्त्यावर पुढच्या ट्रकचा काळा धूर पाहून आपण नाक दाबतो. ट्रकवाल्याने तो पाहून खिसा दाबायला हवा.

बरे, फिल्टर साफ करण्याची आपली तऱ्हाही न्यारी आहे. क्लीनर तो काढतो आणि टायरवर दणादण आपटतो. धूळ पडते हे खरे, पण कागदाची घडीही फाटते आणि त्या फटीतून धूळ सरळ इंजिनात जाते. काळ्या मातीचा तो कण लायनर आणि पिस्टनच्या रिंगा घासून काढतो, दाब निसटू लागतो, इंजिन ऑइल जाळू लागते आणि धूर काळ्याचा निळा होतो. तिथून पुढे खर्च फिल्टरचा राहत नाही, इंजिन उतरवण्याचा होतो. फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा आतून बाहेर मारायची, तीही बेताच्या दाबाने आणि दोन-तीन वेळांच्या वर नाही. मग नवा टाकायचा. जुन्या गाड्यांत तेलाच्या वाटीचा फिल्टर असे. त्याचे तेल बदलून वाटी धुतली की काम भागायचे. तो ज्यांनी हाताळला आहे असे मिस्त्री अजूनही त्याची आठवण काढतात.

दुसरी गोष्ट डिझेलच्या फवाऱ्याची. जुन्या धाटणीच्या गाड्यांत पंप आणि नोझल हे काम करतात. या पंपाला आपल्याकडे सर्रास 'मायको' म्हणत. बंगलोरला १९५१ मध्ये निघालेल्या कंपनीचे हे नाव २००८ मध्ये बदलून बॉश झाले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच राहिले. नोझलची बारीक छिद्रे झिजली किंवा कार्बनने बुजली, की फवारा होत नाही, थेंब गळतात. थेंब काही तुषारासारखा पेटत नाही. म्हणून नोझल ठराविक किलोमीटरनंतर उतरवून यंत्रावर त्यांचा दाब आणि फवारा तपासावा लागतो. तासा-दोन तासांचे काम. पण गाडी चालू असताना ते कुणी करत नाही आणि बंद पडली की त्या घाईत होत नाही.

याच पंपाबाबत एक खोड सांगितली पाहिजे. चढावर गाडी ओढत नाही अशी तक्रार घेऊन कुणी आले, की काही मिस्त्री पंपाचे सील तोडून डिझेलचा स्क्रू थोडा वाढवून देतात. गाडी खरोखर ओढू लागते. पातूरच्या घाटात मालक खूश होतो. पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे धूर वाढला आणि अ‍ॅव्हरेज गेले. ओढत नव्हती ती बहुधा फिल्टर भरल्यामुळे. रोग एकाला आणि औषध दुसऱ्याला, असा हा प्रकार. हा धूर नुसता दिसायला वाईट असतो असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तो सर्वांत जवळून घेणारे दोघे म्हणजे ड्रायव्हर आणि गॅरेजातला पोरगा.

आणखी एक बळी म्हणजे थर्मोस्टॅट. रेडिएटरच्या वाटेवरची ही छोटी झडप इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरते. अकोल्याच्या मे महिन्यात गाडी तापली, की तीच पहिल्यांदा काढून फेकली जाते. उन्हाळा निघून जातो, झडप काही परत बसत नाही. मग डिसेंबरच्या पहाटे इंजिन तास-तासभर थंडच चालते, ऑइल जाड राहते, डिझेल नीट जळत नाही. गाडी का तापली, रेडिएटर गाळाने भरला की पट्टा ढिला झाला, हे शोधायला हवे होते. पण झडप काढणे सोपे. असो.

टॅपेटचे अंतर, ऑइल आणि त्याचा फिल्टर, डिझेलच्या टाकीच्या तळाचे पाणी, ही कामे ज्याच्या त्याच्या वहीत असतातच. इंजिनाबाहेरची दोन मात्र विसरली जातात. पहिले ब्रेकचे. लायनर ड्रमला घासत असेल, तर गाडी ब्रेक दाबूनच चालत असते. दहा-वीस किलोमीटर चालवून थांबावे आणि प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न्यावा. एखादे इतरांपेक्षा जास्त भाजत असेल, तर तिथे डिझेल जळते आहे. दुसरे टायरमधल्या हवेचे. ती गाडी थंड असताना, मीटर लावून पाहायची. पान्याने टायर ठोकून आवाजावरून अंदाज बांधण्याची कला मोठी असली, तरी ती दहा पौंडांचा फरक सांगू शकत नाही.

पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, म्हणजे पीसीआरए, १९७८ पासून ड्रायव्हर लोकांना हेच सांगत आली आहे. सावकाश आणि एकसारखी चालवा, थांबलात तर इंजिन बंद करा, क्लचवर पाय ठेवून बसू नका. यातला एक गैरसमज मात्र फार चिवट आहे. उतारावर गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचते, असे भलेभले समजतात. गंमत अशी, की गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर पंप डिझेल जवळजवळ बंदच करतो, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतः चालत राहायला डिझेल घ्यावेच लागते. म्हणजे वाचत काहीच नाही आणि घाटात सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच.

भाराचेही तसेच. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकचे मालासह वजन पूर्वी १६.२ टनांपर्यंत चाले, जुलै २०१८ मध्ये ही मर्यादा १८.५ टन झाली. तरी 'चार पोती आणखी टाक' हे संपलेले नाही. जास्त भरल्यावर लिटरमागचे किलोमीटर कमी होणारच. अशा फेरीचे अ‍ॅव्हरेज पाहून ड्रायव्हरला जाब विचारणे म्हणजे घोड्यावर दोघांनी बसायचे आणि तो दमला म्हणून चाबूक मारायचा. रस्ते मात्र सुधारले, हे मान्य करायला हवे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नोंद झाली. सपाट रस्त्यावर गिअर कमी बदलावा लागतो आणि त्याचा फायदा अ‍ॅव्हरेजला होतोच.

या सगळ्यात भांडणावरचा खरा तोडगा म्हणजे दोन रुपयांचे पेन आणि एक वही. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरायची आणि किती लिटर बसले ते लिहायचे. शक्यतो पंप तोच असावा. सोबत माल किती टन आणि रस्ता कुठला, हेही लिहायचे. चार फेऱ्यांची अशी नोंद झाली, की चोरी आणि बिघाड यांतला फरक दिसू लागतो. बिघाडाने अ‍ॅव्हरेज हळूहळू उतरते, प्रत्येक फेरीत थोडे थोडे आणि धूर दाखवत. चोरी मधूनच एखाद्या फेरीत दिसते आणि पुढच्या फेरीला आकडा पुन्हा जागेवर येतो. ज्या घरात ही वही ठेवली जाते, तिथे ड्रायव्हर टिकतो.

नव्या गाड्यांनी हा सगळा खेळ थोडा बदलला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. आता डिझेल हजार-दीड हजार बारहून जास्त दाबाने फवारले जाते, किती आणि केव्हा ते संगणक ठरवतो, सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी गाळणी आहे आणि ज्याला ट्रकवाले 'युरिया' म्हणतात ते डीईएफ भरायला वेगळी टाकी. हवा अजूनही स्वच्छच लागते, फिल्टर अजूनही काळ्या मातीनेच भरतो. पण स्क्रू फिरवायला जागा नाही आणि कानाने नोझल ओळखणाऱ्या मिस्त्रीला दिवा का लागला ते सांगायला स्कॅनर विकत घ्यावा लागतो. तालुक्याच्या गावातल्या गॅरेजवाल्याला ही किंमत जड जाते. म्हणून तिकडच्या गाड्या अकोल्याच्या कंपनी वर्कशॉपला जातात आणि बार्शीटाकळीसारख्या गावात राहतात त्या जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या. दसऱ्याला त्या धुऊन-पुसून उभ्या राहतात, झेंडूचे तोरण लागते, बॉनेटवर हळद-कुंकू वाहिले जाते. सोयाबीनचा हंगाम तेव्हा नुकताच सुरू झालेला असतो. त्याच दिवशी बॉनेट उघडून फिल्टर पाहायला अर्धा तास पुरतो.