यंत्राची शिकवणी

विद्यामंदिरांत जें जें नवें साधन येतें, त्याचें स्वागत बहुधा दोन प्रकारांनीं होतें. कांहीं लोक त्यास डोक्यावर घेऊन नाचतात. कांहीं त्यास उंबरठ्याबाहेरच थोपवूं पाहतात. हल्लीं ज्या साधनाचें नांव जिकडे तिकडे ऐकूं येतें, त्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतींतहि हाच प्रकार चालला आहे. ही बुद्धिमत्ता म्हणजे काय, ती चालते कशी, आणि विद्यार्जनाच्या कामीं तिचा उपयोग कोठपर्यंत करावा, याचा शांतपणें विचार करणारे मात्र थोडे. तो विचार आमच्या विद्यार्थ्यांनीं करावा, या हेतूनें हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, शिक्षकास साहाय्यक मिळावा ही इच्छा फार जुनी आहे. शिक्षक एक आणि विद्यार्थी पुष्कळ, ही अडचण कोणत्या काळीं नव्हती? अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथें अँड्र्यू बेल नांवाचे एक पाद्री सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवीत असत. एतद्देशीय शाळेंतील मुलें वाळूंत बोटानें अक्षरें गिरवितात हें पाहून त्यांनीं ती रीत आपल्या शाळेंत आणिली, आणि पुढें गेलेल्या मुलांकडून मागील मुलांस शिकविण्याची पद्धति बसविली. तिचा वृत्तांत १७९७ सालीं लंडन येथें छापला गेला, व पुढें इंग्लंडांत ती 'मद्रास पद्धति' या नांवानें पसरली. विसाव्या शतकांत माणसाच्या ठिकाणीं यंत्र योजण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ओहायो येथें सिडनी प्रेसी यांनीं प्रश्न विचारून उत्तर तपासणारें एक यंत्र केलें. १९६० सालीं इलिनॉय विद्यापीठांत 'प्लेटो' नांवाची संगणकाची शिकवणी निघाली. १९७० सालीं जेम कार्बोनेल यांनीं 'स्कॉलर' नांवाची संगणक-प्रणाली प्रसिद्ध केली. ती दक्षिण अमेरिकेचा भूगोल शिकवी, आणि तिचें वैशिष्ट्य असें कीं, ती विद्यार्थ्यास प्रश्न विचारी व त्याच्या प्रश्नांस उत्तरेंहि देई. सारांश, आज जें दिसत आहे तें एका रात्रींत उगवलेलें नाहीं.

तथापि ३० नोव्हेंबर १९२२ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या, म्हणजे २०२२ सालच्या त्याच दिवशीं 'चॅटजीपीटी' नांवाचें साधन सर्वांस खुलें झालें, तेव्हांपासून या विषयास निराळें वळण लागलें, यांत संशय नाहीं. पूर्वींचीं यंत्रें ठराविक प्रश्नांपुरतीं असत. हें यंत्र कोणत्याहि विषयावर, साध्या बोलण्याच्या भाषेंत, मराठींतसुद्धां संभाषण करितें. तें कसें करितें, हें समजण्यासाठीं एक सोपें उदाहरण घेऊं. 'ढग दाटून आले, वीज चमकली, आणि मुसळधार' इतके शब्द कोणी उच्चारिले, तर पुढचा शब्द 'पाऊस' असावा, हें आपणांस तत्काळ सुचतें. कारण हे शब्द एकमेकांच्या संगतींत आपण अनेकवार ऐकिले आहेत. या यंत्रास अब्जावधि शब्दांचा मजकूर पुरवितात. प्रत्येक ठिकाणीं पुढें काय येईल याचें तें अनुमान करितें. अनुमान चुकलें कीं त्याच्या अंतरंगांतील असंख्य अंकांत सूक्ष्म फेरफार होतो. आणि असें अगणित वेळां घडून घडून त्यास भाषेची चाल साधते. त्यानंतर माणसांकडून त्याच्या उत्तरांची पारख करवून, कोणत्या प्रकारचें उत्तर पसंत पडतें, हेंहि त्यास शिकवितात.

या वर्णनावरून एक महत्त्वाची गोष्ट सहज निष्पन्न होते. यंत्राचा सारा अभ्यास पुढें काय येणें संभवनीय आहे याचा असतो. आणि संभवनीय व सत्य हीं दोन्ही पुष्कळदां एक असलीं, तरी सर्वदा एक नसतात. म्हणून तें खरें उत्तर ज्या सफाईनें देतें, त्याच सफाईनें खोटेंहि देतें. कधीं न लिहिल्या गेलेल्या ग्रंथाचें नांव सांगतांनाहि त्याची जीभ अडखळत नाहीं. ज्या विषयावर मजकूर विपुल, तेथें त्याचें अनुमान बहुधा बरोबर येतें. जेथें मजकूर विरळ, तेथें तें ठेंचा खातें. इंग्रजीच्या मानानें आपल्या मराठींतील मजकूर पुष्कळच थोडा आहे. त्यामुळें आपल्या भाषेंतील तीन लिंगें, म्हणी आणि गांवोगांवचे शब्द यांच्या बाबतींत यंत्रावर विसंबून राहणें बरें नव्हे. शब्दाच्या अर्थाविषयीं शंका आल्यास १८३१ सालीं प्रथम निघालेला मोल्सवर्थ साहेबांचा कोश अजूनहि आपल्या उपयोगीं पडतो. आणि घरांतील आजीबाई तर त्याहूनहि जवळ आहे.

मग अशा यंत्राची शिकवणींत गरजच काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर वर्गाच्या बांकांवर बसलेलें आहे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गांत शिक्षक जेव्हां अपूर्णांकांचा भागाकार समजावून देतो, तेव्हां दहाजणांस तो आधींच ठाऊक असतो, तीसजणांस तो त्या क्षणीं समजतो, आणि उरलेल्यांचें मन गेल्या वर्षींच्या गुणाकारापाशींच अडलेलें असतें. तास संपतो, घंटा कोणासाठीं थांबत नाहीं. १९८४ सालीं अमेरिकेंतील शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनीं असें दाखविलें कीं, एका विद्यार्थ्यास एक शिक्षक मिळाला, तर सामान्य विद्यार्थीहि नेहमींच्या वर्गांतील शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णवांच्या पुढें जाऊं शकतो. पुढील संशोधकांस हा लाभ इतका मोठा आढळला नाहीं. तरी लाभ आहे, याविषयीं दुमत नाहीं. सधन घरच्या मुलास खाजगी शिकवणीनें हा लाभ मिळतो. ज्याचे आईबाप निरक्षर आहेत व दिवसभर मजुरीस जातात, त्या मुलानें संध्याकाळीं अडलेलें उदाहरण कोणास विचारावें? तेंच तें दहा वेळां विचारलें तरी न रागावणारा साहाय्यक अशा मुलास मिळत असेल, तर त्यास तुच्छ लेखण्याचा अधिकार आपणांस नाहीं, असें आम्हांस वाटतें.

परंतु साहाय्यक मिळाला म्हणजे विद्या मिळाली, असें होत नाहीं. या संबंधानें तुर्कस्तानांत २०२३ सालीं झालेला एक प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. त्याची हकीकत २०२५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. हायस्कुलांतील सुमारें १,००० विद्यार्थ्यांचे तीन गट करून त्यांस गणिताचा सराव दिला. पहिल्या गटाजवळ केवळ पुस्तक व टिपणें होतीं. दुसऱ्या गटास विचारील त्याचें उत्तर देणारें यंत्र दिलें. तिसऱ्या गटास तेंच यंत्र दिलें, पण त्यास शिक्षकांनीं आधींच पढवून ठेविलें होतें: बरोबर उत्तर कोणतें, मुलें सामान्यतः कोठें चुकतात, आणि उत्तर न सांगतां कोणती खूण द्यावी. सरावाच्या वेळीं दुसऱ्या गटाचे गुण पहिल्यापेक्षां शेंकडा ४८ नें, व तिसऱ्याचे शेंकडा १२७ नें अधिक भरले. नंतर यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हां खरा प्रकार उघडकीस आला. दुसऱ्या गटाचे गुण पहिल्यापेक्षां शेंकडा १७ नें कमी पडले! तिसरा गट मात्र पहिल्याच्या बरोबरीनें राहिला. विशेष विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, आपण कमी शिकलों, याची जाणीव दुसऱ्या गटांतील मुलांस नव्हती.

याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. ज्यास पोहावयास शिकावयाचें आहे, त्यास कांहीं दिवस कमरेस भोपळा बांधून सोडितात; परंतु जो सदैव होडींत बसूनच नदी ओलांडतो, तो शंभर वेळां पैलतीरास गेला तरी पोहावयास शिकत नाहीं. उदाहरण सुटणें ही एक गोष्ट, आणि उदाहरण सोडविण्याची शक्ति अंगीं येणें ही दुसरी. ती शक्ति अडण्यांतून येते. मन जेथें अडतें, तेथेंच तें आपलें बळ खर्च करितें, आणि जेथें बळ खर्च होतें, तेथेंच तें वाढतें. अडण्याची ती घटका यंत्रानें हिरावून घेतली, तर वही भरेल, पण डोकें रितें राहील.

तेव्हां यंत्रास विचारावें कसें, हाच सारा प्रश्न आहे. समजा, असें उदाहरण आहे: एका आयताची लांबी रुंदीपेक्षां ३ मीटरनें अधिक असून क्षेत्रफळ ४० चौरस मीटर आहे, तर रुंदी किती? एक विद्यार्थी लिहितो, 'याचें उत्तर दे.' त्यास ५ मीटर हें उत्तर मिळतें. त्यापलीकडे कांहीं मिळत नाहीं. दुसरा लिहितो, 'मीं रुंदी क्ष मानिली. म्हणून लांबी क्ष अधिक ३ झाली. दोहोंचा गुणाकार ४० येतो, येथवर आलों. उत्तर सांगूं नकोस. पुढील पायरीची खूण तेवढी दे.' खूण मिळाल्यावर तो स्वतः अवयव पाडतो. त्यास ५ व उणें ८ अशा दोन किंमती मिळतात. रुंदी उणें असणें शक्य नाहीं म्हणून तो दुसरी टाकून देतो. आणि ५ गुणिले ८ बरोबर ४० असा ताळा पाहून वही मिटतो. यंत्र दोघांजवळ एकच होतें. विद्या एकासच मिळाली.

याच धोरणानें कांहीं नियम आम्ही विद्यार्थ्यांस सुचवितों. प्रथम स्वतः प्रयत्न करावा, मग विचारावें. उत्तर न मागतां खूण, उदाहरण किंवा आपल्या उत्तरांतील दोष मागावा. मिळालेली प्रत्येक गोष्ट पुस्तकाशीं, ताळ्याशीं किंवा शिक्षकांशीं पडताळून पाहावी. तुर्कस्तानच्या प्रयोगांतील साधें यंत्र गणितांत जवळ जवळ निम्म्या वेळां चुकत होतें. पुढें यंत्रें सुधारलीं, तरी पडताळ्याची संवय सोडण्याचें कारण नाहीं. निबंध यंत्राकडून लिहवून आपल्या नांवानें देऊं नये. तें खोटें बोलणें तर आहेच, पण आपल्या विचारशक्तीस उपाशी ठेवणेंहि आहे. आपलें किंवा दुसऱ्याचें नांव, पत्ता, घरगुती गोष्टी त्यास सांगूं नयेत. लहान मुलांच्या हातीं तें एकट्यानें वापरावयास देऊं नये. युनेस्कोनें २०२३ सालच्या आपल्या मार्गदर्शिकेंत वर्गांतील अशा वापरास निदान १३ वर्षांची वयोमर्यादा असावी, असें सुचविलें आहे.

शिक्षकबंधुभगिनींसहि दोन शब्द सांगणें अवश्य आहे. एकाच धड्यावर सोपे, मध्यम व कठीण असे तीन प्रकारचे प्रश्न तयार करणें, कठीण उतारा सोप्या भाषेंत मांडणें, दृष्टिहीन विद्यार्थ्यास मजकूर वाचून दाखविणें, अशा कामीं हें साधन श्रम वांचवितें. वांचलेला तो वेळ मात्र मुलांस दिला पाहिजे. नाहीं तर बचत कसली? तुर्कस्तानांतील तिसरा गट ज्यामुळें बचावला, ती यंत्राची हुशारी नव्हे. मुलें कोठें चुकतात हें वर्षानुवर्षें पाहिलेल्या शिक्षकांचें ज्ञान होतें. एखादा मुलगा आज गप्प कां आहे, तो उपाशी आला आहे कीं घरीं कोणी आजारी आहे, हें त्याच्या चेहऱ्यावरून ओळखणें, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवणें, हें काम शिक्षकाचेंच आहे व राहील.

असो. विद्यार्थ्यांनो, तुमच्या पिढीस जें साधन लाभलें आहे, तें मागील कोणत्याहि पिढीस लाभलें नव्हतें. त्याची भीति बाळगूं नका आणि त्याचे दासहि होऊं नका. परीक्षेच्या दालनांत, आणि त्याहून मोठ्या अशा संसाराच्या परीक्षेंत, जें तुमच्या स्वतःच्या अंगीं मुरलें असेल तेंच तुमच्या कामास येईल. म्हणून आज संध्याकाळीं अडलेलें उदाहरण घेऊन बसाल, तेव्हां यंत्राकडे वळण्यापूर्वीं कागदावर निदान दोन पायऱ्या आपल्या हातानें लिहा. त्या चुकल्या तरी चालतील. त्या तुमच्या असतील.