कबरीवरची भाषा, घरातली भाषा

दगडावर कोरलंय म्हणजे पक्का पुरावा, असं आपल्याला सुरुवातीला वाटतं. मलाही वाटायचं. पहिल्याच सेमिनारमध्ये मी कबरींवरच्या लेखांचा एक छान आलेख दाखवला, तेव्हा गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "हा दगड बसवला कोणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न किती मोलाचा आहे, हे एका उदाहरणावरून बघू.

अमेरिकेत टेक्सासमध्ये सर्बिन नावाचं छोटं खेडं आहे. तिथलं सेंट पॉल हे लुथरन चर्च वेंड लोकांनी उभारलं. वेंड म्हणजेच सोर्ब: जर्मन प्रदेशात राहणारे, पण स्लाव्ह गटातली भाषा बोलणारे लोक. १८१७ मध्ये प्रशियाच्या राजाने लुथरन आणि रिफॉर्म्ड चर्च एकत्र आणायला सुरुवात केली. अनेक लुथरनांना ते पटलं नाही. त्यात गरिबीही होतीच. १८५४ मध्ये पाद्री यान किलियन यांच्याबरोबर पाचशेहून जास्त माणसं 'बेन नेव्हिस' जहाजाने निघाली. वाटेत कॉलऱ्याने कित्येक जण दगावले. उरलेल्यांनी सर्बिन वसवलं. आजचं दगडी चर्च १८७१ चं. त्यात पूर्वी पुरुष वरच्या सज्जात बसायचे, बायका-मुलं खाली.

जवळच्या दफनभूमीत वेंडिश, जर्मन आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतले लेख आहेत. आता मोह बघा! मृत्यूची साल आणि लेखाची भाषा एक्सेलमध्ये भरायची, आलेख काढायचा आणि लिहून टाकायचं की अमुक दशकात वेंडिश संपली. इथेच घसरायला होतं. कारणं चार:

१. मृत्यूची साल ही दगडाची साल असेलच असं नाही. नातवंडांनी नंतर नवा दगड बसवला, तर भाषा नातवंडांची असते.

२. लाकडी क्रूस कुजून जातात. गरिबांच्या खुणा आधी पुसल्या जातात, म्हणून आपला नमुना मुळातच एका बाजूला झुकलेला असतो.

३. घरातली भाषा आणि प्रतिष्ठेची भाषा वेगळी असू शकते. वेंडांना शेजारच्या जर्मनांशी व्यवहाराला जर्मन लागायची. त्यामुळे जर्मन लेखाखालच्या माणसाचं घरचं बोलणं वेंडिश असू शकतं.

४. भाषा बाहेरच्या दबावानेही बदलते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मनविरोधी वातावरण तापलं. त्यानंतरचा इंग्रजी दगड आवडीचा की भीतीचा, हे दगड सांगत नाही.

मग करायचं काय? दगड टाकून द्यायचे नाहीत, त्यांना जोडीदार द्यायचा. चर्चच्या दफन नोंदी, पत्रं, वर्तमानपत्रं यांच्याशी प्रत्येक दगड ताडून बघायचा. तक्त्यात 'भाषा' असा एकच रकाना न ठेवता नावाचं रूप, मुख्य मजकूर आणि धर्मवचन असे तीन ठेवायचे. साधं उदाहरण: किलियन वेंडिशमध्ये यान, जर्मनमध्ये योहान, इंग्रजीत जॉन होतात. दगडाच्या तारखेचा पुरावा नसेल तर तो रकाना रिकामा सोडायचा, अंदाजाने भरायचा नाही.

हे विरगळ, शिलालेख, दर्ग्याजवळच्या कबरी, सगळ्यांनाच लागू आहे. फील्डला जाल तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: दगड कोणी बसवला, कधी आणि कोणी वाचावा म्हणून? माझा तो आलेख मी अजून जपून ठेवलाय. प्रबंधात मात्र तो येणार नाही.