हरभऱ्याची मर आणि ट्रायकोडर्मा: गैरसमज व वस्तुस्थिती

पेरणीला तीन-चार आठवडे झालेले असतात. तास हिरवेगार दिसत असतात आणि मधलेच एखादे झाड मान टाकते. चार दिवसांत शेजारची दोन जातात. मग कृषी सेवा केंद्रातून ट्रायकोडर्माचे पाकीट येते, आणि त्याबरोबर ऐकीव सल्लेही येतात.

गैरसमज: झाड सुकले म्हणजे पाणी कमी पडले.
वस्तुस्थिती: सुकलेले झाड उपटा आणि बुंध्यापासून मूळ उभे चिरा. वरून मूळ धडधाकट दिसेल, पण आत तपकिरी-काळसर रेघ असेल. फ्युजारियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी पाणी वाहणाऱ्या नलिकांत शिरून वाट बुजवते. जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरते. अशा वेळी वरून पाणी देऊन काही साधत नाही.

गैरसमज: बुरशी ती बुरशीच, ती बियाण्याला कशी चोळायची?
वस्तुस्थिती: ट्रायकोडर्माही बुरशीच आहे, पण ती इतर बुरशींवर जगू शकते. शास्त्रज्ञ रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ मध्येच हे दाखवून दिले होते. मांडवाच्या तारेला वेलाने विळखा घालावा, तसे तिचे धागे रोगकारक बुरशीच्या धाग्यांभोवती गुंडाळतात आणि विकरे सोडून त्यांची भिंत विरघळवतात. शिवाय मुळाभोवतीची जागा आणि अन्न ती आधीच अडवून बसते.

गैरसमज: मर दिसली की आळवणी करू, झाड उठेल.
वस्तुस्थिती: नलिका बुजलेले झाड परत उभे राहत नाही. ट्रायकोडर्मा ही राखण आहे आणि राखणदार चोरीच्या आधी नेमावा लागतो. म्हणून तिची खरी वेळ पेरणीपूर्वीची, बीजप्रक्रियेची.

गैरसमज: एक हंगाम पीक बदलले की जमीन स्वच्छ.
वस्तुस्थिती: हरभरा नसतानाही मर रोगाची बुरशी जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते. फेरपालट हवाच, पण तेवढ्यावर विसंबू नका. विजय, दिग्विजय, जाकी ९२१८ यांसारखे मर रोगाला प्रतिकारक वाण निवडा आणि त्यांनाही ट्रायकोडर्मा चोळा.

गैरसमज: जैविक आहे, कशातही मिसळले तरी चालते.
वस्तुस्थिती: पाकिटात जिवंत बीजाणू असतात. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक रोगट आणि उपयोगी बुरशी असा भेद करत नाही, त्यामुळे दोन्ही एकत्र केल्यास पैसे वाया जातात. विकतच्या बियाण्यावर आधीच रंगीत रासायनिक लेप असेल, तर ट्रायकोडर्मा बियाण्याला न चोळता ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून जमिनीत द्या. रायझोबियमशी मात्र तिचे वैर नाही. आधी ट्रायकोडर्मा, नंतर रायझोबियम, असा क्रम ठेवा. बियाणे सावलीतच सुकवा. कडक उन्हात बीजाणू मरतात.

गैरसमज: शेणखतावर हिरवे दिसले की ट्रायकोडर्मा वाढली.
वस्तुस्थिती: ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम याही बुरशी हिरव्या दिसतात. भुईमुगात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी ॲस्परजिलस त्यातलीच. केवळ रंगावरून ओळख पटत नाही. म्हणून मूळ पाकीटच नोंदणीकृत आणि ताजे घ्या. पाकिटावर अंतिम मुदत आणि सीएफयू, म्हणजे जिवंत बीजाणूंची संख्या, वाचा. ती एका ग्रॅमला किमान २० लाख असायला हवी. मुदत संपलेल्या पाकिटात बहुतांश उरते ती नुसती भुकटी.

गैरसमज: ट्रायकोडर्मा सगळ्याच बुरशीजन्य रोगांवर चालते.
वस्तुस्थिती: तिचे राज्य प्रामुख्याने मातीत, मुळांपाशी. सोयाबीनच्या पानावरचा तांबेरा बीजप्रक्रियेने थांबत नाही. बाजरीच्या अरगट रोगावर तर साधे मीठ उपयोगी पडते. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकले की रोगाच्या हलक्या गाठी तरंगतात. त्या काढून नष्ट करायच्या आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे.

हिशेब अगदी सोपा आहे. किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम, म्हणजे एकरी ३० किलो हरभऱ्याला अवघी १५० ग्रॅम ट्रायकोडर्मा. बियाणे ताडपत्रीवर पसरा, पाण्याचा हलका हबका मारा, भुकटी हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.